केर गाळणाऱ्याची लेक

आमच्या शेजारची पल्लवी चौथीत होती, तेव्हा गुरुजी वर्गात म्हणाले, आकाशातले तारे मोजता येत नाहीत. ही उठून म्हणाली, "तुमी मोजून बघितलंत?" दिवसभर ओणवी उभी राहिली, पण माफी काही मागितली नाही.

तिचा बाप आकाराम. आमच्या विट्यातल्या कितीतरी पुरुषांसारखा गलाईवाला. दुकान कोइमतूरला. सोनारांच्या दुकानातला केर पोत्यानं आणायचा, जाळायचा, भट्टीत गाळायचा आणि त्यातून सोन्याचा कण न् कण काढायचा. घरी यायचा वर्षातून दोनदा, पण आला की त्याचाच शब्द.

नव्व्याण्णव सालच्या गणपतीत तो आला, तेव्हा एम.एस्सी. झालेल्या पल्लवीची पुण्याची जागा पक्की झाली होती. क्ष-किरणांतून आकाश बघायचं संशोधन. पोरगी पाठवायची नाही, असं आकारामनं येतानाच ठरवलेलं. मी लगोलग विरजण मागायला गेले. माझ्या घरी दह्याचं भगुलं भरलेलं होतं, पण ते असो.

"आकाश बघायला पुण्याला कशाला? गच्चीवर जा की," आकाराम म्हणत होता.

"आवं आप्पा, ताऱ्यांचे क्ष-किरण खाली पोचतच न्हाईत. हवा गिळती. म्हणून दुर्बीण हवेच्या वर सोडायला लागती. जुलैतच एक गेली, चंद्रा नावाची." तिनं पेपरातलं चित्र पुढं केलं. फुटलेल्या ताऱ्याचं. भट्टी उसळावी तसं रंगीत कडं.

"हे रंग डोळ्याला दिसत्यात?"

"न्हाई. रंग आमी भरतो. पण ताप खरा हाय, कोट्यवधी अंश. कुठं लोखंड हाय, कुठं गंधक, तेबी कळतं."

"म्हंजे मुलामा!" आकाराम माझ्याकडं बघून हसला. मीही हसले. मला दोन्हीकडून हसायची सवय आहे.

पल्लवी हसली नाही. "शेकडो आकाशगंगांचे थवे असत्यात, आप्पा. साध्या दुर्बिणीतनं मधली जागा मोकळी दिसती. क्ष-किरणांत बघितलं तर तिथं तापलेला वायू भरलाय. थव्यातल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा त्याचंच वजन जास्त."

"मोकळी जागा बघायला पोरगी धाडू? लोक हसतील."

"तुमी जन्मभर काय केलंत? लोक केर म्हणून झाडत्यात, तेच गाळलंत न्हवं?"

तिची आई रंगुबाई भाकरी थापत होती, ती थांबली. माझी वाटी हातातच राहिली.

"आन मी न्हाईच म्हटलं तर?"

"तरी जाणार."

"मग इचारतीस कशाला?"

"इचारत न्हाई. सांगतीया."

गौरी-गणपती गेले तरी बापलेकीत शब्द नाही. निघायच्या सकाळी पल्लवीनं ट्रंक स्वतः उचलली, बापाच्या पाया पडली आणि वळून न बघता चालू लागली. आकाराम ओट्यावर तोंड फिरवून बसलेला. एसटीपर्यंत मीच गेले. पुढची बातमी मला कोण सांगणार होतं?

परत येऊन पुन्हा वाटी घेऊन डोकावते तर रंगुबाई घर झाडतेय आणि सुपलीत तो पेपरातला कागद.

"केर टाकू नगंस!" आकाराम ओरडला. उठला, कागद काढला, झटकला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"काय वो भावजी," मी म्हटलं, "मुलामा न्हवं का तो?"

"तुमचं विरजण घ्या वैनी," तो म्हणाला, "आन घरी जावा."