कारण विचार, अंगावर येईल

रविवारची पुरवणी तेलंगणातल्या आमच्या बेल्याला दुपारी पोचते. पेपर सीमेपलीकडून, महाराष्ट्रातून येतो. कधी बसनं, कधी कुणाच्या मोटारसायकलवर. शेवटच्या पानावर गूढ शब्दकोडं असतं. साध्या कोड्यात अर्थ दिलेला असतो, आपण शब्द लिहायचा. इथं तसं नाही. इथं सूत्र तोंडानं एक बोलतं आणि पोटात दुसरंच ठेवतं. ‘गरीब माघारी फिरला की पाणी वाहतं’, अक्षरं दोन. गरीब म्हणजे दीन. तो उलटा वाचला की नदी. मी सातवीत असताना बाबांनी मला हे उलगडून दाखवलं, तेव्हा मी दिवसभर दिसेल तो शब्द उलटा वाचत गावभर फिरले होते. दुकानाच्या पाट्या, बसवरचं गावाचं नाव, शेजारच्या म्हाताऱ्याचं आडनाव. सगळं गाव जरासं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं.

बाबा मराठी शाळेत गुरुजी होते. आमच्या घरात शिकलेले ते पहिले. त्यांच्या आधीचे सगळे लोकांच्या शेतात राबले. त्यामुळे शुद्ध बोलण्याबद्दल ते फार कडक होते. कोडं मात्र ते एकट्यानं सोडवत नसत. मुधोळला त्यांचे एक जुने सहकारी राहतात, मी त्यांना काका म्हणते. दर रविवारी संध्याकाळी दोघांचा फोन चाले. “आडवा सात लागला का?” एवढ्यावर सुरू व्हायचा आणि तासभर संपायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांना लकव्याचा झटका आला. पाय सावरला, हात बऱ्यापैकी सावरला, पण बोलणं हरवलं. शब्द येत, पण भलतेच. पाणी हवं असलं की ‘खिडकी’ म्हणत, आईला ‘शाई’ म्हणत. आपण चुकलो हे त्यांना कळायचं, म्हणून हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा.” मी आदिलाबादला एका ऑफिसात कारकून आहे. रविवारी घरी यायचे, पण काय बोलत राहायचं ते सुचायचं नाही. शेवटी मी कोडं वाचून दाखवू लागले. सुरुवातीचे काही रविवार ते नुसते चौकटींकडे बघत बसले, पावसाचं पाणी अंगणात साचताना बघावं तसे.

त्या रविवारी हिवाळ्यातली दुपार होती. ऊन दारातून सरकत बाबांच्या खाटेपर्यंत आलं होतं. आई उंबऱ्याशी तूर निवडत बसली होती. मी एक सूत्र वाचलं, “कारण विचार, अंगावर येईल. अक्षरं तीन. शेवटचं स.”

मला काही सुचेना. मी काकांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून खाटेवर ठेवला. बाबा बोलत नसले तरी त्यांना ऐकू जावं एवढंच मनात होतं.

“मी राक्षस लिहिलंय पोरी,” काका म्हणाले. “तीन अक्षरं, शेवटी स. आणि अंगावर येतोच की.”

“पण काका, कारण कुठंय त्यात?”

“तेच तर अडलंय. राक्षसाला कारण कोण विचारतो? पण दुसरं काही बसत नाही.”

“निमित्त, हेतू, असं काही?”

“सगळं घालून बघितलं. गुरुजी असते तर...” काका म्हणाले.

तेवढ्यात बाबा म्हणाले, “पूस.”

मी वळून पाहिलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून थोडी लाळ आली होती. मी टॉवेल घेतला आणि तोंड पुसलं. त्यांनी मान हलवली.

“पूस,” ते पुन्हा म्हणाले.

मी पुन्हा पुसलं, हनुवटीही पुसली. त्यांनी माझा हात बाजूला सारला. सारताना बराच जोर लावला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला वाटलं, पुन्हा चुकीचा शब्द आला असावा.

उंबऱ्यावरून आई म्हणाली, “अवं, तू पुसून काऊन राह्यली? ते तोंड पुसाले नाई सांगून राह्यले. पूस म्हंजे इचार. आमी असंच म्हणतो ना, त्याले पूस, तिले पूस.”

मी टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. हा शब्द बाबांनी स्वतः माझ्या तोंडातून काढून टाकला होता. मीच काय, वर्गात कुणीही “गुरुजी, एक पुसू का?” म्हटलं की ते खडूचं फडकं पुढं करायचे. “पुसायचं असेल तर फळा पूस. प्रश्न असेल तर विचार.” पोरं हसायची. पुढं पुढं तो शब्द आम्ही घरीही वापरेनासे झालो. फक्त आईकडे राहिला. आणि आता शाळेत, पुस्तकात मिळवलेले सगळे शब्द विस्कटल्यावर तो त्यांच्या तोंडात आला होता. लहानपणी त्यांच्या आईनं दिलेला.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी कोड्याकडे पाहिलं. विचार म्हणजे पूस. कारण विचार.

“का,” बाबा म्हणाले. मग डोळे मिटून, एकेका अक्षरावर पाय ठेवत गेल्यासारखे म्हणाले, “का. पूस.”

फोनवर काका अगदी हळू आवाजात म्हणाले, “कापूस. गुरुजी, कापूस.” थोड्या वेळानं त्यांच्यातला मास्तर जागा झाला. “पण अंगावर येईल हे जरा ओढूनताणून आहे हं.”

“काऊन?” आई म्हणाली. “कापूस अंगावरच येते नं, लुगडं होऊन.”

काका हसले. खाटेवरच्या फोनमधून ते हसू आलं तेव्हा बाबांचे खांदे हलू लागले. मला आधी भीती वाटली. मग दिसलं, तेही हसत होते. आवाज नव्हता, पण हसत होते. उघड्या दारासमोरून एक बैलगाडी गेली, इतकी हळू की ती थांबलीय आणि आमचं घरच मागं सरकतंय असं मला क्षणभर वाटलं.

त्या दिवशी कोडं पुरं झालं नाही. बरीच घरं रिकामी राहिली आणि काकांनीही आग्रह केला नाही. पुढच्या वर्षभरात बाबांचं बोलणं पुष्कळ परत आलं, पण गुरुजींचं बोलणं आलं नाही. आलं ते गावातलं, आईच्या बोलण्यासारखं. आता ते ‘मले’ म्हणतात, ‘आमी’ म्हणतात, ‘का’ला ‘काऊन’ म्हणतात. सुरुवातीला ते ऐकून मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बाबांना तसं होत असेल का, हे मी विचारलेलं नाही.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर आई कितीतरी वेळ तूर निवडत एकटीच हसत होती. बाबा तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, “काऊन हासून राह्यली?”

झटक्यानंतरचं ते त्यांचं पहिलं अख्खं वाक्य.

“असंच,” आई म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.