गाव मोजणारे तात्या

तात्या कोतवाल कोणाच्याही दारात गेले की आधी पाणी मागायचे. तहान असो वा नसो. "पानी द्या गं पोरींनो," म्हणायचे आणि ओटीवर ऐसपैस मांडी घालून बसायचे. वरून ओतलेलं पाणी त्यांना चालत नसे. पेला मागायचे, तोंडाला लावून प्यायचे आणि ज्या हातानं तो दिला त्याच हातात परत द्यायचे. त्यांच्याबरोबर पहिल्या दिवशी मी अकरा घरं फिरले आणि तात्या अकरा पेले पाणी प्यायले. बाराव्या दाराकडे जाताना मी म्हटलं, "तात्या, पोट दुखेल हो."

"माजा बापपन याच गावाचा कोतवाल व्हता, बाई," ते चालता चालता म्हणाले. "त्यानं अंगनातूनच हाक मारायची आन वरनं ओतलेलं पानी ओंजळीत झेलायचं. मी त्याच्या वाटचं पितोय."

मी सावरघरच्या शाळेत नवीन होते. माहेर देशावरचं, हायला-नायला कान अजून सरावले नव्हते, आणि तेवढ्यात जनगणनेचं काम अंगावर आलं. खालापूरच्या कचेरीतून अर्जांचा गठ्ठा मिळाला. तलाठी म्हणाले, कोतवालाला बरोबर घ्या, म्हणजे चुकणार नाही. ऐंशी-नव्वद घरांचं गाव, चार दिवसांत उरकेल, असा माझा हिशेब होता. तात्यांनी तो पहिल्याच सकाळी मोडला. "घरं थोडीच हायत, पन गावं सात हायत," असं म्हणून त्यांनी शाळेच्या पायरीवरून काठीनं एकेक दिशा दाखवली. कुणबी आळी, आगरी आळी, ओहोळाजवळची मुसलमानांची दोन घरं, वाण्याचं दुकान, वेशीबाहेरची बौद्धवाडी, डोंगरावरची ठाकूरवाडी आणि ओढ्यापलीकडची कातकरवाडी.

कोणाची जात काय हे तात्या कधी सांगत नसत. कोण काय घेऊन आलं ते सांगत. आगरी आळीत शिरताना म्हणायचे, "ह्यांच्या शेतात खाडीचं पानी शिरलं, तवा भाताचं बी उराशी धरून वर आले." करीमचाचांच्या दाराशी म्हणायचे, "ह्यांचा आजा सुपारीचं पोतं घेऊन आला. पोतं इकलं, पन मानूस हितंच राहिला." ठाकूरवाडी चढताना मी विचारलं, हे काय घेऊन आले? तात्या थांबले, धाप टाकली आणि म्हणाले, "हे कुठनं येतील? हे हायतच. आलो ते आपन."

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र मी अडखळले. धर्माचा रकाना भरला, पुढचा रकाना जातीचा, तो तेव्हा फक्त अनुसूचित जाती-जमातींपुरता भरायचा. तात्यांची बायको चहा गाळत होती, तिचा हात थांबला. तात्या शांतपणे म्हणाले, "धरमाच्या जागी बौद्ध लिवलंत ना? ते ठळक लिवा. जातीच्या रकान्यात पेन जरा हलकं धरा." मी तसंच केलं. पुढं आयुष्यात कितीतरी अर्ज भरले, पण त्या रकान्याशी आले की हात आपोआप हलका होतो.

एक घर बंद होतं. कौलं शाबूत, दाराच्या चौकटीवर तिरप्या ठोकलेल्या कसल्याशा डबीची जागा अजून दिसत होती. "शनवारतेल्यांचं," तात्या म्हणाले. यहुदी कुटुंब ते, त्या डबीत त्यांच्या प्रार्थनेची गुंडाळी असायची. पिढीजात तेलाचा घाणा, शनिवारी घाणा बंद. मुलं केव्हाच इस्राएलला गेली होती. शेवटी म्हातारीलाही घेऊन गेली. तिची ट्रंक डोक्यावर घेऊन तात्याच खालापूरच्या थांब्यापर्यंत गेले होते. "यष्टीत बसली आन मला म्हनती, तात्या, तिकडं माज्याशी मराटी कोन बोलंल?" मी यादीत 'बंद घर' असं लिहिलं. तात्यांनी ते वाचून पाहिलं आणि मान डोलावली. घर यादीत आहे, एवढं त्यांना पुरलं.

शेवटी राहिली कातकरवाडी. आम्ही गेलो तेव्हा वाडीत माणूस नव्हतं. कुडाच्या दारांना कुलपं नव्हती, काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या. सगळी वाडी मोहोपाड्याच्या बाजूला वीटभट्टीवर गेली होती, ती पावसाच्या तोंडावर परतणार. मी कागद काढला आणि झोपडीमागून झोपडी शून्य लिहायला लागले. तात्या माझ्या हाताकडे बघत राहिले.

"हे काय करताय बाई?"

"माणसं नाहीत तात्या. भट्टीवर असतील तर तिकडचे लोक लिहितील."

"तिकडं कोन लिवनार? भट्टी म्हंजे काय गाव हाय?" त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "कागदावं मानसं नाय दिसली तर वाडी नाय दिसत. वाडी नाय दिसली तर नळ नाय, बालवाडी नाय. आन उद्या कोनी इचारलं, तुमी हितलेच कशावरनं, तर काय दाखवायचं? ही काटं?"

मी त्यांना नियम सांगितला. मोजणीच्या दिवसांत माणूस एखादा दिवस जरी घरी राहायला आला, तरी त्याची नोंद घरीच करता येते. तात्यांनी तो नियम माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. मग काठी उचलली आणि निघून गेले.

दोन दिवस ते गावात दिसले नाहीत. रविवारी दुपारी करीमचाचांचा टेंपो शाळेसमोरून ओढ्याकडे गेला. मागं दाटीवाटीनं उभी माणसं, बायकांच्या कडेवर पोरं, सगळ्यांच्या अंगावर विटांची लाल धूळ, आणि पुढं चाचांच्या शेजारी तात्या. टेंपोनं तीन खेपा केल्या. आगरी आळीतून तांदूळ आला, कुणबी आळीतून मोठं पातेलं. कोणी कुरकुरलंही. "ह्यांच्यापायी एवडा खटाटोप कशाला रं तात्या?" असं एक म्हातारा म्हणाला. तात्या त्याला म्हणाले, "आप्पा, तुमचं नाव गाळलं असतं तरी मी असाच गेलो असतो." मग आप्पा स्वतःच पातेल्याखाली जाळ घालायला बसले.

भट्टीवाल्यानं सोडलं कसं, हे मी विचारलं तेव्हा तात्या मिश्कील हसले. "काय नाय. भट्टीवं जाऊन बसलो. म्हटलं, शेट, तुमच्याकडं किती मानसं राबतात, पोरं किती, ते मला लिवून द्या, मोजनी हाय. शेटला ते नको व्हतं. दुसऱ्या दिशी म्हनला, घेऊन जा बाबा दोन दिवस."

वाडीच्या मधोमध एका दगडावर बसून मी नावं लिहिली. तात्या एकेका कुटुंबाला पुढं बोलवत होते, वय आठवत नसेल तर आठवण देत होते. "अरं, मोठा पूर आला तवा तू चालत व्हतास." बारकी नावाची एक बाई महिन्याभराचं मूल घेऊन आली. नाव विचारलं तर म्हणाली, अजून ठेवलं नाही.

"मंग आता ठेव," तात्या म्हणाले. "सरकार थांबलंय."

बारकी लाजली. "आज वार कोन्ता?"

"आयतवार."

"मंग लिव, आयती."

मी लिहिलं. बारकी वाकून त्या अक्षरांकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत होती. उन्हं कलली तेव्हा शून्याचे सगळे कागद मी फाडले होते. पुढं दोन-तीन वर्षांत वाडीत बालवाडीची खोली झाली, हातपंप आला. ते त्या मोजणीमुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. तात्याही कधी म्हणाले नाहीत.

तात्या निवृत्त झाले आणि गावही हळूहळू पातळ होत गेलं. ओहोळाकाठच्या जमिनी विकल्या गेल्या, तारेची कुंपणं आली, आत हिरवळ आणि पोहण्याचे तलाव. शनवारतेल्यांचं घर पाडून तिथं कोणाचातरी बंगला झाला. करीमचाचांची मुलं पनवेलला गेली. तात्यांना त्यांच्या मुलानं मोहोपाड्याला नेलं. तो तिथल्या कारखान्यात होता, त्यानं चांगली जागा घेतली होती. मी भेटायला गेले तेव्हा तात्या गॅलरीच्या जाळीशी खुर्ची टाकून बसले होते. सून चांगली, खाण्यापिण्याची आबाळ नाही. पण माझा हात धरून म्हणाले, "बाई, हितं सोळा दारं हायत. पाट्यांवं नावं हायत, पन मानसं दिसत नायत. मी दोन दारं वाजवली, तर पोरगा म्हनतो, बाबा, असं जायचं नसतं." निघताना त्यांनी विचारलं, सावरघरात नवीन कोण राहायला आलं. मी दोन बंगल्यांची नावं सांगितली. "ते काय घेऊन आले?" तात्यांनी विचारलं.

त्याच वर्षी ऐन उन्हाळ्यात ते गेले. बौद्धवाडीतल्या विहारात सगळे जमलो, तेव्हा सात गावांतली सहा होती. सातवं भट्टीवर होतं. त्यांना पाऊस लागल्यावर कळलं.

मी आता दहिवलीत राहते, नोकरी संपून बरीच वर्षं झाली. परवा सावरघरच्या शाळेतल्या नव्या शिक्षिकेचा फोन आला. मोजणीचं काम तिच्याकडे आलंय. या खेपेला सगळं मोबाईलवर भरायचं आणि जात सगळ्यांचीच लिहायची. "बाई, तुम्ही गाव फिरलेल्या आहात म्हणे. बरोबर कोणाला घेऊ?" तिनं विचारलं.

मी नावं आठवून पाहिली. मग म्हटलं, "थांब, मीच येते."

फोन ठेवून मी एक कोरा कागद घेतला आणि आठवतील तशी घरं काढायला बसले. कुणबी आळी आली, आगरी आळी आली, ठाकूरवाडीची चढणही आली. ओढ्यापलीकडे मात्र हात थांबला. बारकीचं घर जांभळीच्या अलीकडे होतं की पलीकडे, ते काही केल्या आठवेना. सांगणारा एकच माणूस होता.