नऱ्हे की धायरी? दोन बाटल्या पाणी आणि अण्णांचा टेम्पो

आमच्या विंझरहून पुण्याला जायला दोन रस्ते आहेत. एक नसरापूरवरून चेलाडी फाट्याला हायवेला लागतो आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून नऱ्ह्याशी उतरतो. दुसरा पाबे घाट चढतो आणि खानापूर, खडकवासला करत धायरीला पोचतो. मी फ्लॅट बघत होते तेही नेमके या दोन ठिकाणी. नऱ्हे आणि धायरी एकमेकांना इतकी खेटून आहेत की हद्द कुठे संपते ते रिक्षावाल्यांनाही ठाऊक नाही, पण आम्हा वेल्ह्याकडच्यांसाठी ते दोन वेगळे रस्ते आहेत. म्हणून ठरवलं, जायचं एका रस्त्याने, यायचं दुसऱ्याने. भोर-वेल्ह्याकडचं कुणी टॉवरमधलं घर शोधत असेल, तर एका रविवारात दोन्ही बघून होतं.

घर घ्यायचं कारण आईचा गुडघा. ऑपरेशन सांगितलंय, त्यानंतर काही महिने गावातला चढउतार बंद. मी नोकरीनिमित्त पुण्यात तिघींच्या खोलीत राहते, तिथे आईला कुठे ठेवणार? कर्ज मंजूर झालं, तेव्हा मी दोघांनाही सांगितलं, माझ्याकडेच राहायला या.

आई हो म्हणाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "तुझ्या आईला सोडतो आन माघारी येतो. लेकीच्या घरी ऱ्हात न्हाईत आपल्यात. पाणीबी पीत न्हाईत."

हे नुसतं बोलणं नव्हतं. माझी ताई किकवीला दिलीय. तिला मूल होईपर्यंत अण्णा तिच्या घरी जाताना स्वतःची पाण्याची बाटली घेऊन जात, आणि भर उन्हात ओट्यावर बसून ती पीत. ताई आत रडायची. भाचा झाला तेव्हा कुठे त्यांनी तिच्या हातचा तांब्या घेतला. माझं तर लग्नही झालेलं नाही. स्वतःच्या पगारावर घर घेणाऱ्या मुलीचं घर कुठल्या नियमात बसतं, हे आमच्याकडे अजून कुणी ठरवलेलंच नाही.

सकाळी निघालो ते अण्णांच्या छोट्या टेम्पोतून. पुढच्या केबिनमध्ये तिघं, मधे मी, गिअर बदलला की माझा गुडघा बाजूला. मागे दोन पोती इंद्रायणी तांदूळ, धायरीतल्या एका गिऱ्हाइकाचा. आईच्या पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या होत्या.

"या कशाला गं?"

"दोन्हीकडचं पाणी आणायचं. घरी येऊन एकाच डाळीचे दोन भाग शिजवायचे. जिथं डाळ मऊ, तिथं घर. तू कागद बघ, मी पाणी बघते."

कागद मी पाहिलेच होते. बांधकामाची नोंदणी, भोगवटा पत्र, लिफ्टला बॅकअप, सगळं दोन-दोनदा. घरात शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठलाही कागद आला की "मने, तू बघ" म्हणून माझ्याकडे येतो. मी बघितल्यावर परत बघणारं मात्र कुणी नाही, ही भीती मला झोपू देत नाही. आईच्या बाटल्या पाहून मी हसले, आणि जरा हलकंही वाटलं.

नसरापूरला मिसळ खाऊन घ्या, पुढे हायवेवर तीच महाग मिळते. खेड-शिवापूरच्या टोलआधी फास्टॅगमध्ये पैसे आहेत का पाहा. बोगद्यानंतर नवले पुलापर्यंत सरळ उतार आहे, अण्णांसारखा गिअर उतरवूनच या.

नऱ्ह्यातल्या टॉवरच्या गेटवर वॉचमनने हात आडवा केला. "डिलिव्हरी मागच्या गेटनं."

मी लाजून काहीतरी बोलणार, तोवर अण्णांनी खिडकीतून डोकं काढलं. "डिलिव्हरी न्हाई बाबा, गिऱ्हाईक हाय. ही मधली."

नमुना फ्लॅट अठराव्या मजल्यावर होता. लिफ्टमध्ये आईने माझं मनगट घट्ट धरलं, ते वर पोचल्यावरही सोडलं नाही. घर देखणं, हवेशीर, दवाखाना जवळ. खाली हायवे अखंड घरघरत होता. सेल्सवाल्या मुलाने ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास आणले. "घ्या ना काका. हे आता तुमच्या मुलीचंच घर समजा."

अण्णांनी ओठापाशी नेलेला ग्लास खाली ठेवला. "तहान न्हाई."

मला त्या मुलाचा राग आला, आणि मग अण्णांचाही. आई मात्र बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेली होती. "नळाचं भरू का रं? ट्रेमधलं नगं, ते विकतचं."

"भरा ना मावशी. सध्या टँकरचं येतं, पुढे लाईन जोडतील."

धायरीतली इमारत दहा-बारा वर्षं जुनी. पार्किंग अरुंद, लिफ्टला आरसा नाही. फ्लॅट नवव्या मजल्यावर, रिकामा, आधीचे लोक दुसरीकडे गेलेले. किल्ली समोरच्या काकूंकडे होती. त्यांनी दार उघडलं आणि आईला पहिला प्रश्न केला, "गुडघा का? कुठला? माझा डावा झाला मागच्या वर्षी." पुढचा बराच वेळ दोघी दारातच उभ्या राहून गुडघ्यांवर बोलत होत्या. मी एकटीच भिंतींवर ओल शोधत फिरले. एका कोपऱ्यात सापडली, तिचा फोटो काढला.

मागच्या बाल्कनीतून सिंहगड दिसत होता, वरच्या टीव्ही टॉवरसकट. अण्णा कठड्याला धरून उभे होते.

"आपल्या वरच्या वावरातनं ह्यो टावर पलीकडून दिसतो," ते म्हणाले. "म्हंजे गाव त्याच्या मागं."

"हो अण्णा."

"लई लांब न्हाई मग."

काकूंनी पाणी आणलं. अण्णांनी ग्लास घेतला आणि तसाच आईकडे दिला. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. आईने काकूंच्या नळाचं पाणी दुसऱ्या बाटलीत भरून घेतलं, आणि ओळखू यावी म्हणून माझ्या केसांतलं लाल रबर काढून तिच्या गळ्याला लावलं. "रबराची धायरी, बिनरबराची नऱ्हे. ध्यानात ठेवा."

परतीला खडकवासल्याची चौपाटी रविवारी टाळा म्हणेन, पण आम्ही टाळली नाही. कणसं घेतली, गर्दीत अर्धा तास अडकलो. डोणज्यानंतर रस्ता मोकळा होतो. खानापुरातून डावीकडे पाबे घाट. रस्ता अरुंद आणि वळणं अवघड, नवख्याने अंधार पडायच्या आत उतरावं.

घाटाच्या वरच्या टप्प्यात टेम्पो तापला. अण्णांनी कडेला घेतला. आई आणि मी उतरून जवळच्या खिंडीपर्यंत हळूहळू चालत गेलो, तिला पाय मोकळे करायचे होते. खाली आपलं खोरं दिसत होतं, कापणी झालेली खाचरं, समोर तोरणा. मला सारखं वाटत होतं, मी चूक करतेय. नऱ्हेही चूक, धायरीही चूक. दोघांनाही उंच नेऊन एका खिडकीशी बसवणार, आणि अण्णा तर तिथे बसणारही नाहीत.

परत आलो तेव्हा इंजिन सुरू होतं आणि दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या.

आईने कपाळावर हात मारला. "आवो, पाणी कुठंय?"

"एक रेडिएटरात घातलं. एक म्या पेलो."

"पेलो? आता डाळ कशात शिजवू, तुमच्या पोटात? त्या बाटलीचं रबर न्हाई दिसलं व्हय?"

अण्णांनी गिअर टाकला. समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "दिसलं की. म्हणून तर ते रेडिएटरात न्हाई घातलं."

आईने लाल रबराची रिकामी बाटली पिशवीत ठेवली. मी मधे बसले होते, दोघांच्या खांद्यांना खांदा लावून.

लिहायला बसले तेव्हा दोन्हीकडचं खरंखरं सांगायचं ठरवलं होतं, तर ते असं. नऱ्ह्यातलं घर नवं आहे, हायवे हाताशी आहे, गावाला जाणारी गाडी पकडायला सोपं. धायरीत वर्दळीचा त्रास होतो, पार्किंगवरून भांडणं होत असणार, आणि त्या कोपऱ्यात ओल आहेच, ती दुरुस्त करून घेण्याचं मी लेखी मागितलंय. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर कदाचित नऱ्हेच घेतलं असतं.

त्या संध्याकाळी आईने घरच्याच पाण्यात डाळ लावली. जेवताना मी वाढत होते. अण्णांनी भाताचं आळं केलं, मी त्यात वरण ओतलं, आणि धीर करून विचारलं.

"अण्णा, कसं होतं ते पाणी?"

त्यांनी दोन घास खाल्ले.

"जरा मचूळ हाय," ते म्हणाले. "सवय व्हईल."