पणजोबांचं शिशाचं पदक

माझं पोट भरतं ते धातूवरची अक्षरं वाचून. कुवेतच्या दक्षिणेला, तेलाच्या पट्ट्यात, मी पाइप आणि व्हॉल्व्ह तपासतो. माल कुठल्या कारखान्यात ओतला, पोलाद कुठल्या प्रतीचं, दाब किती सोसेल, हे सगळं त्यावर ठोकलेलं असतं आणि गंजाखालूनही ते मला वाचता येतं, असा माझा लौकिक आहे. लौकिक म्हणजे, मीच तसं चारचौघांत सांगतो. त्यामुळे पुढची हकीकत सांगताना जरा लाज वाटते. पण बायको ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते, तेव्हा मीच सांगितलेली बरी.

आमच्या घराण्यात एक पदक आहे. शिशाचं, लंबगोल, अंगठ्याच्या पेराएवढं. पणजोबा आमच्यातले पहिले ख्रिस्ती. मराठवाड्यात स्कॉटिश मिशनच्या मंडळीत होते. त्यांची भक्ती बघून गोऱ्या पाळकांनी त्यांना हे पदक दिलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुढच्या बाजूला तीन इंग्रजी अक्षरं आहेत. ती पणजोबांच्या नावाशी जुळत नाहीत. पण साहेबांना आपली नावं कुठं नीट लिहिता येतात, असं म्हणून आजोबांनी तो प्रश्न कायमचा मिटवला होता. मागच्या बाजूला मोठा दोनचा आकडा. म्हणजे मंडळीत दुसरा मान. पहिला अर्थात साहेबाचा. त्याखाली बरंचसं झिजलेलं, आणि शेवटी रोमन अकरा, टिंब, अठ्ठावीस. अकरावा महिना, अठ्ठावीस तारीख. पदक मिळाल्याचा दिवस!

तो दिवस आम्ही पाळतो. दरवर्षी इथे कुवेतमध्ये, मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये मटण शिजतं, प्रार्थना होते, आणि पदक ताटलीत मखमलीवर ठेवून पाहुण्यांपुढून फिरवलं जातं. पदक गावी आईकडे असतं, त्यामुळे फिरतो तो त्याचा फोटो. समोरच्या मल्याळी शेजाऱ्यांनी एकदा विचारलं, आज कुठल्या संताचा सण? मी म्हणालो, घरचाच आहे.

या वर्षी आई व्हिजिट व्हिसावर आली ती पदक घेऊनच. आल्या आल्या तिने सांगितलं, "आता माझं वय झालं. जाताना हे तुमच्यापैकी एकाकडं ठेवून जाणार." तुमच्यापैकी म्हणजे मी आणि दादा. दादा माझा थोरला चुलतभाऊ, इथेच सबाह अल-सालेमला राहतो. त्याचं म्हणणं, घराण्याची थोरली पाती त्याची. माझं म्हणणं, आई माझी. यावरून आमचं असं वाजलं की पुढे आम्ही एकमेकांशी फक्त बायकांमार्फत बोलत होतो. "तुमच्या यजमानांना म्हणावं, मीठ कमी आहे," असं तो माझ्यासमोर बसून माझ्या बायकोला सांगायचा. चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या दर महिन्याच्या प्रभुभोजनाला मात्र दोघंही न चुकता जायचो, आणि दोन वेगळ्या रांगांत बसायचो.

दादाने पदकासाठी आत दिवा लागणारी काचेची पेटी बनवून घेतली. मग मी ठरवलं, पेटी काय कोणीही करेल, आपण पदकाचं शास्त्रशुद्ध वाचन करू आणि आईपुढे ठेवू. तिच्याकडून ते एक दिवस मागून घेतलं आणि वर्कशॉपमध्ये नेलं. टाल्कम पावडर चोळली, फुंकली, टॉर्च आडवा धरला. पाइप जोडायच्या जुन्या फ्लँजवरचा नंबर आम्ही असाच काढतो. अकराच्या आधी अक्षरं उमटली: एक उभी रेघ, मग सी, ओ, आर. मी खुर्चीतच ताठ झालो. सी-ओ-आर म्हणजे कॉरोनेशन! पणजोबांना विलायतेच्या राजाच्या राज्याभिषेकाचं पदक मिळालं होतं! दादाच्या पेटीतला दिवा मला तिथूनच विझलेला दिसला.

आमच्याकडे एक म्हातारा स्कॉटिश इंजिनिअर आहे. त्याला विचारून नक्की करावं म्हणून मी पदक त्याच्या टेबलावर ठेवलं. तो हसायलाच लागला.

"अरे, हे प्रभुभोजनाचं टोकन. माझ्या आजीच्या चर्चमध्ये यांची पिशवीच्या पिशवी पडलेली असायची."

"पिशवी?" मी म्हणालो.

मग त्याने मला एकेक अक्षर समजावलं, मी नव्या मुलांना समजावतो तसं. पुढची अक्षरं तेव्हाच्या पाळकाच्या नावाची. त्यातलं पहिलं एम म्हणजे नुसतं मिस्टर. दोन म्हणजे दुसरं टेबल. माणसं जास्त असली की पंगती पाडायचे, त्यातली दुसरी पंगत. उभी रेघ म्हणजे एक, सी-ओ-आर म्हणजे बायबलातलं करिंथकरांस पत्र, त्यातलं पहिलं, आणि अकरा-अठ्ठावीस ही तारीख नव्हे, अध्याय आणि ओवी. भाकर खाण्याआधी ज्याने त्याने स्वतःची परीक्षा करावी, असं जिथे सांगितलंय ती. ती ओवी मला तोंडपाठ आहे. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात ती देवनागरी आकड्यात असते, एवढाच काय तो माझा बचाव.

"मंडळीतले वडीलधारे कारभारी आधी घरोघर जाऊन चौकशी करायचे," तो म्हणाला. "माणूस नीट वागतोय असं दिसलं तर टोकन द्यायचे. टोकन नाही, तर टेबलाशी जागा नाही."

म्हणजे लायक माणसालाच मिळायचं. मला जरा धीर आला. तेवढ्यात त्याने टोकन उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "पण हे तुमच्याकडे कसं राहिलं? हे तर बसताना परत द्यायचं असतं."

घरी येताना गाडीत मी त्याचा खूप विचार केला. पणजोबांना टोकन मिळालं, पण पणजोबा प्रभुभोजनाला गेलेच नाहीत. म्हणजे आम्ही इतकी वर्षं मटण शिजवून त्यांच्या गैरहजेरीचा उत्सव करत होतो. गप्प बसायचं ठरवलं.

गुरुवारी संध्याकाळी दादा पेटी घेऊन आला. आईच्या पुढ्यात ठेवून त्याने दिवा लावला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "तुमच्या यजमानांना सांगा, थोरल्या पातीचं रक्त आहे या पदकात." मी मग सगळं सांगून टाकलं. सत्यासाठी वगैरे नाही. नुसता त्याचा चेहरा बघायला.

चेहरा बघण्यासारखा झाला. मग भांडणानंतर तो प्रथमच थेट माझ्याशी बोलला. "तरी मला वाटायचंच. पणजोबा शेवटी तुमच्याकडेच राहायचे ना? तुमच्या पातीचेच म्हणायचे ते. तूच ठेव पदक."

"छे छे, थोरली पाती तुझी. पेटीही तुझी. मी कसं घेऊ?"

"काकू, तुम्हीच सांगा याला."

आई पदक हातात धरून बसली होती. "त्यांना लायक ठरवलं होतं ना?" तिने मला विचारलं.

"हो. त्याशिवाय टोकन मिळतच नव्हतं."

"मग गेले का नाहीत?"

"आजारी असतील," दादा म्हणाला.

"भावाशी अबोला असेल," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमच्याकडे ते रक्तातच आहे."

आई हसली नाही. "तसंच असणार," ती म्हणाली. "भावाशी बोलत नसताना त्या टेबलाशी बसायचं नसतं. लायकीचा शिक्का खिशात असून त्या माणसाला एवढं कळलं." आणि तिने पदक आपल्या पर्समध्ये टाकलं. कोणाला देणार, ते सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, इथला सुट्टीचा आणि म्हणून उपासनेचा वार, त्यात प्रभुभोजनाचा. मल्याळम मंडळी बाहेर पडली की हॉल आमच्या मराठी मंडळीला मिळतो. आमच्याकडे पुढे जाऊन, ओळीने उभं राहून भाकर घ्यायची पद्धत आहे. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिच्या एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला दादा. पाळक ताट घेऊन आले. तरुण आहेत, पुण्याचे. आईने पर्स उघडली आणि टोकन त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"आमच्या घरातल्या एकांचं हे द्यायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "आज देते."

पाळकांना काही कळलं नाही, पण आईच्या वयापुढे प्रश्न विचारवेना. त्यांनी मूठ मिटली. घराण्याचं पदक गेलं ते गेलं. मी दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे. आई आल्यापासून आमचं इतकं एकमत झालं नव्हतं.

आईने भाकर घेतली. ताट माझ्यासमोर आलं. मी हात पुढे केला, आणि तो तिथेच राहिला.

"दादा, तू घे आधी," मी पुटपुटलो. "मोठा आहेस."

"नको, तू घे."

"थोरली पाती तुझी ना?"

"आता ते काढू नकोस इथे!"

मागची रांग खोळंबली. पाळक एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत ताट धरून उभे. आईने डोळे मिटलेले होते, ते न उघडताच ती म्हणाली, "जा. दोघंही खाली जाऊन बसा."

आम्ही खाली आलो. सगळी मंडळी बघत होती. बसायला एकच बाक रिकामा होता.