मागचा जिना

सुपरबाईंचं खरं नाव त्यांच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुलींनी 'सुपरवायझर बाई'चं आखूड करून हे नाव पाडलं होतं, आणि निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली तरी ते त्यांना चिकटून होतं. आवाज मात्र साऱ्या शहराच्या ओळखीचा. ट्रंक कॉलच्या जमान्यात कुणाचं लग्न ठरल्याची, कुणाला नोकरी लागल्याची, कुणी गेल्याची बातमी याच आवाजाच्या पाठोपाठ घरात आली होती. अजूनही औषधाच्या दुकानात त्यांनी गोळ्यांचं नाव घेतलं की रांगेतलं एखादं पिकलं डोकं मागे वळायचं आणि विचारायचं, "तीन मिनिटं झाली म्हणून सांगायचात त्या तुम्हीच ना?" बाई म्हणायच्या, "मीच ती. निम्म्या शहराची वाक्यं मी मध्येच तोडलीत."

वय ऐंशी. लग्न केलं नाही. भाची सोबतीला राहत होती. ती शाळेत भूगोल शिकवायची. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि बैठकीच्या खिडकीतून समोर दिसायचा तो मोकळा प्लॉट. भर बाजारपेठेतली एवढी मोठी जागा, पण एकतीस वर्षं तिच्यावर वीट चढली नव्हती. चारी बाजूंनी गंजलेले पत्रे, आत कमरेएवढं गवत, मधूनमधून जुन्या पायाचे काळे दगड. एक्स्चेंज तिथंच होतं, आणि तिथंच ते एका दुपारी जळालं. तिसऱ्या मजल्यावरच्या स्विचबोर्डवर पंधरा मुली होत्या. बारा जणी पुढच्या जिन्यानं धुरातून खाली आल्या. तिघी आल्या नाहीत.

त्यांतली सगळ्यात धाकटी वीस वर्षांची होती. तिचा भाऊ तेव्हा शाळेत होता. आता कोपऱ्यावर त्याचं शिंप्याचं दुकान होतं. दर वर्षी त्या तारखेला तो पत्र्यापाशी फुलं ठेवायचा, आणि बाई खाली उतरून त्याच्या शेजारी उभ्या राहायच्या. दोघांत फारसं बोलणं व्हायचं नाही. पण 'आमच्या ताईच्या बाई' म्हणून तो त्यांना फार मानायचा. त्यांचे कपडे सैल करून द्यायचा, घट्ट करून द्यायचा, आणि पैशांचं नाव काढलं की कानांवर हात ठेवायचा.

जागेचा कोर्टातला वाद मिटला आणि पत्र्यावर एक फलक लागला. चौतीस मजल्यांची निवासी इमारत, दोनशे बारा घरं. कुणाला हरकत असेल तर तीस दिवसांत कळवावी, सुनावणी पालिकेच्या सभागृहात. आसपासच्या इमारतींत खळबळ उडाली. कुणाला ऊन जाणार म्हणून काळजी, कुणाला पाण्याची, कुणाला गाड्या कुठे लावायच्या याची. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी पुढाकार घेतला आणि आठवड्यात चारशे सह्या गोळा केल्या. मग एका संध्याकाळी ते बाईंकडे आले. सावलीचं आणि पाण्याचं अधिकारी ऐकून घेतात आणि सोडून देतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण तीन मुली जिथं गेल्या तिथं लोकांनी झोपायच्या खोल्या कशा बांधायच्या, हे बाई बोलल्या तर सभागृह हलेल. शिंपीही बहिणीचा फोटो घेऊन शेजारी उभा राहायला तयार होता. बाईंनी मान डोलावली. डॉक्टर खुशीत गेले.

एवढं आयुष्य नियमानं काढलेली बाई; न वाचता बोलणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी भाचीला पालिकेतून नव्या इमारतीच्या नकाशांच्या प्रती आणायला पाठवलं. जेवणाच्या टेबलावर ते भलेमोठे कागद पसरून, भिंग घेऊन त्या तीन दिवस बसल्या. भाचीला वाटलं, म्हातारपणी मावशीला नवा छंद लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेतून आली तर मावशी खुर्चीत ताठ बसलेली, भिंग खाली पडलेलं.

"हे वाच गं," त्या म्हणाल्या. "मला बरोबर दिसतंय ना?"

मागच्या जिन्याच्या तळाशी, गल्लीकडे उघडणाऱ्या दारापाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: कायम कुलूपबंद, फक्त देखभालीसाठी. भाचीनं वाचून दाखवलं. बाईंनी पाणी मागितलं, पण प्यायल्या नाहीत.

एक्स्चेंजलाही मागचा जिना होता. लोखंडी, अरुंद, गल्लीत उतरणारा. मुली त्यावरून पाळी संपायच्या दहा मिनिटं आधी सटकायच्या, चहाला जायच्या, कुणाला तरी भेटायला जायच्या. साहेबांचा ओरडा बसला तो बाईंना. त्यांनी स्वतःच्या हातानं तिसऱ्या मजल्यावरून त्या जिन्यात जायच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. आग लागली तेव्हा त्या तळमजल्यावर साहेबांच्या सहीसाठी गेल्या होत्या. पर्स खांद्याला होती. त्या वर धावल्या, पण दुसऱ्या मजल्यावर धुरानं त्यांना मागे लोटलं, आणि कुणीतरी ओढून बाहेर काढलं. पुढे चौकशी झाली. अहवालात वायरिंगचा दोष आला, आणि दाराबद्दल एकच ओळ: उष्णतेनं अडकले असावे. बाईंना किंवा वाचलेल्या मुलींना कुणी विचारलं नाही, आणि बाई मूग गिळून बसल्या. सुरुवातीला भीतीनं, मग लाजेनं, आणि पुढे पुढे तर आता सांगून कुणाचं काय भलं होणार अशी मनाची समजूत घालून.

सुनावणी दोन दिवसांवर होती. बाईंना एवढं कळत होतं की सभागृहाच्या आधी हे एका माणसाला सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्या काठी टेकत शिंप्याच्या दुकानात गेल्या. तो मशीनवर कोटाला अस्तर लावत होता. त्यानं स्टूल पुढे केलं. बाई बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, कुठेही न थांबता, जुन्या सरावाच्या स्पष्ट आवाजात. मशीन कधी थांबलं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यानं विचारलं, "किल्ली कुठे होती?"

"माझ्याजवळ."

"अजून आहे?"

"त्याच आठवड्यात नदीत टाकली."

त्यानं कोटाची घडी घातली, ती पुन्हा मोडली, पुन्हा घातली. मग खाली मान घालून म्हणाला, "मला दुकान बंद करायचंय, बाई." भर बाजाराच्या वेळी त्यानं शटर ओढलं, आणि बाई रस्त्यावर उभ्या राहिल्या.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. शिंपी आला नव्हता, फोटोही नव्हता. डॉक्टरांनी मोठ्या आदरानं बाईंना माइकपाशी नेलं. बाईंनी माइक जरा लांब सरकवला. त्यांना त्याची गरज कधीच लागली नव्हती. त्या म्हणाल्या की इमारत होऊ नये असं त्यांचं म्हणणं नाही. लोकांना घरं लागतात, आणि मेलेल्यांना एवढ्या जागेचा काही उपयोग नाही. डॉक्टरांचा चेहरा पडला. मागे कुजबूज सुरू झाली.

"माझं म्हणणं एका दाराबद्दल आहे," बाई पुढे बोलल्या. "तुमच्या मागच्या जिन्याला खाली कुलूप दाखवलंय. तसंच कुलूप याच जागेवर मी लावलं होतं. त्या तीन मुली दारापर्यंत पोचल्या होत्या. तिथंच सापडल्या."

बिल्डरचे वकील उठून म्हणाले, हा मुद्दा लेखी हरकतींत नाही. अधिकाऱ्यांनी त्यांना हातानंच बसवलं आणि इमारतीचे आर्किटेक्ट कोण म्हणून विचारलं. तिशीतली एक मुलगी उभी राहिली. तिनं नकाशा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि कबूल केलं की ते दार बंद असलं तर दोन्ही जिने खाली लिफ्टशेजारी एकाच लॉबीत उघडतात. मागचं दार चोरांच्या भीतीनं बंद ठेवायचं ठरलं होतं.

"मीसुद्धा मुली पळतात म्हणूनच बंद केलं होतं, बाळ," बाई म्हणाल्या, आणि जागेवर येऊन बसल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या तेवढ्यात रिकाम्या झाल्या होत्या. भाची मागून उठून एका खुर्चीत येऊन बसली.

अधिकाऱ्यांनी नकाशा परत पाठवला. चार महिन्यांनी नवा मंजूर झाला: दुसरा जिना इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला, गल्लीकडचं दार आतून धक्का दिला की उघडणारं, कुलपाला जागाच नाही. बाईंनी आपल्या जबानीची प्रत टेलिफोन खात्यालाही पाठवली होती. फाईल केव्हाच बंद झाल्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. वर्तमानपत्रात बातमी छापून आली. त्यानंतर बाकीच्या दोघींपैकी एकीच्या घरून पत्र आलं. ते बाईंनी वाचलं आणि भाचीला दाखवलं नाही. डॉक्टर जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघत उतरायचे. औषधाच्या दुकानातही आता कुणी वळून विचारत नव्हतं. बाईंनी कुणाला दोष दिला नाही. जेवण मात्र कमी झालं, आणि झोप, आश्चर्य म्हणजे, वाढली.

ती तारीख आली तेव्हा प्लॉटमध्ये पाया खणायची यंत्रं लागली होती. बाई खाली गेल्या. शिंपी आधीच आला होता. त्या दहा पावलं अलीकडेच थांबल्या. तो बघत राहिला. जवळ आला नाही, निघूनही गेला नाही. पलीकडचं यंत्र जेवणाच्या सुट्टीला थांबलं तेव्हा तो बोलला.

"त्या दिवशी सकाळी ती काही म्हणाली होती?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "किल्ली बोर्डापाशी खिळ्याला टांगून ठेवा म्हणाली. मी ओरडले तिच्यावर. मग दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही."

"रागीटच होती," तो म्हणाला. थोड्या वेळानं दोन पावलं पुढे आला. "बोर्डावर कशी बोलायची? आम्ही कुणी कधी ऐकलंच नाही. घरी फोन नव्हता."

बाईंनी काठी पत्र्याला टेकवली. मग भर रस्त्यात, येणारे-जाणारे बघत असताना, वीस वर्षांची ती मुलगी लांबच्या गावचा नंबर कशी मागायची, नंबर जोडून देताना शेवटचा शब्द कसा हलकेच वर उचलायची, ते त्यांनी त्याला म्हणून दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं. बाईंनी म्हटलं.