क्लासच्या गल्लीतली आयांची बिल्डिंग

नाशिकला आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी एक आई आणि डॉक्टर व्हायला निघालेलं एक पोर. बाप गावाकडे, रविवारी भाजीपाला घेऊन हजेरी लावणार. असा संसार दोन वर्षं केल्यावर किस्से साठतात, त्याला कोण काय करणार? मी सटाण्याची, माझी गौरी. शेजारी नांदगावच्या कल्पनाताई, त्यांचा सोहम.

*

पोरं अभ्यासाला बसली की कुकरची शिट्टी बंद, हा बिल्डिंगचा नियम. शिट्टी फुसफुसायला लागली की आम्ही धावत जाऊन गॅस बंद करायचो. भात कायम कचकचीत. एका रविवारी गौरीच्या पप्पांनी दोन घास कसेबसे गिळले आणि म्हणाले, "पोरगी डॉक्टर होईपर्यंत मला पेशंट करू नका."

*

कल्पनाताई रोज सोहमचं बायोलॉजी पाठ करून घ्यायच्या. टेस्टमध्ये त्याला काही म्हणता काही आठवलं नाही. ताईंचं मात्र पुस्तक तोंडपाठ! मटणाच्या दुकानात त्यांनी कलेजी हातात घेऊन निरखली आणि सांगितलं, "दादा, ही लिव्हर नाही, स्प्लीन आहे." दुकानदार सुरी खाली ठेवून म्हणाला, "ताई, तुमचं दुकान कुठंय?"

*

मोबाईलचं असं ठरलं, की स्वतःच्या पोराचा फोन स्वतःकडे ठेवायचा नाही. आईचं काळीज, लगेच विरघळतं. म्हणून गौरीचा फोन कल्पनाताईंकडे दिला. आठवड्याने सोहम माझ्या दारात. बिचारा काकुळतीला आला होता.

"काकू, तो फोन परत घ्या ना. मम्मी रील बघत बसते, जेवायला वाढतच नाही."

*

आता खरी गंमत. पोरं शिकायची क्लासला, पण अकरावीची अ‍ॅडमिशन मात्र गावाकडच्या एका कॉलेजात, जिथे हजेरीचं कोणी विचारत नाही. पोरांचा क्लास बुडू नये म्हणून फॉर्म, फी, सह्या, सगळ्या खेपा आम्ही आयाच घालायचो.

बारावीच्या प्रॅक्टिकलला गौरी पहिल्यांदा कॉलेज बघणार होती. आयकार्ड नाशिकलाच राहिलं. दोन वर्षांत त्याची गरज पडलीच नव्हती, लक्षात कसं राहणार? हॉलतिकीट आत मिळणार होतं आणि शिपाईकाका गेट सोडेनात. आत बेल वाजली. प्रॅक्टिकल बुडालं तर बारावी गेली, मग कसलं मेडिकल आणि कसलं काय! गौरी रडायलाच लागली.

मी पुढे होऊन हात जोडले. काकांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि एकदम हसले.

"तुम्ही व्हय! मग आधी नाय का सांगायचं? तुम्ही तर आपल्या कॉलेजच्याच."

गेट उघडलं. गौरी डोळे पुसत आत पळाली. मी सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते, तोच काकांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात समज दिली.

"तुमच्याकडं बघून सोडलं, मॅडम. पण परत अशी बाहेरची पोरं आणायची नाय."