नंबर माझा हाय

"आधी घोषणा दे, मग गाडी हाल."

नारायणगावच्या जीप स्टँडवर, ऐन सकाळी, अण्णा मला हे म्हणाला. माझी जीप नंबराला पयली व्हती. आत जुन्नरची शिटं मांडीला मांडी लावून बसलेली. मी मागचं दार लावायला वाकलो व्हतो, तसाच राह्यलो.

अण्णा स्टँडचा पुढारी. बागायतदार माणूस, स्वतः स्टेअरिंगला हात लावत न्हाई, त्याच्या जीपा ड्रायव्हर चालवत्यात. माझी जीपसुदिक त्याच्याच घरची जुनी, मी घेतलेली. काचेवर 'श्री गिरिजात्मज प्रसन्न' लिवलेलं व्हतं, ते मी खरवडलं न्हाई. लेण्याद्रीला जाणारी माणसं बसत्यात, कशाला खरवडू? आमी मुसलमान, जुन्नरचं, आज्याच्या आधीपासनं. काचेवरल्या त्या नावानं आमचं कधी काय अडलं न्हाई.

झालं व्हतं येवढंच. आदल्या दिवशी एक मोबाईलवाला खड्ड्यांचा व्हिडिओ काढाया आला. मी बोललो. म्हणलं, टॅक्स घेता नि रस्ता असला ठेवता, पोटुशा बाया बसत्यात राव गाडीत. व्हिडिओ फिरला. सकाळपातूर मी देशद्रोही. खड्डा ज्यानं ठेवला तो न्हाई, ज्यानं दाखवला तो.

निवडणुकीत हाच अण्णा मला 'आपला माणूस' म्हणून मंडपात पुढं बसवायचा. निकाल उलटा लागला, तवा मी 'व्होट बँक' झालो. माणूस तोच, जीप तीच. मला आता राग बी येत न्हाई लवकर. कटाळा येतो.

मी घोषणा दिली. भारत माता की जय.

"ऐकू नाय आलं, मियाँ. पार पाकिस्तानात गेली पायजे."

कालपातूर भाऊ म्हणायचा.

परत दिली. मोठ्यानं. चहाच्या टपरीवरली पोरं हसली. शाळेत परभातफेरीला गुरुजी मला मुद्दाम पुढं ठेवायचे, माझा आवाज लई खणखणीत म्हणून. तवा अंगावर काटा यायचा. आता मातर स्वतःच्या आईचं नाव कुणी मानगूट धरून घ्यायला लावावं, तसं वाटलं.

तरी अण्णाचं समाधान न्हाई. "उतरा, मागल्या गाडीत बसा," म्हणाला. शिटं उतरली. पुढं बसलेली मेथीवाली आजीसुदिक उतरली. दर बाजारला ती माझ्याच गाडीनं यायची. माझ्याकडं न बघता पाटी उचलून गेली. तिचा राग मला अजून हाय.

घरी बायकू म्हणाली, "म्हणून टाकत जावा ना. चूल पेटली पायजे." मी म्हणत गेलो. रोज नंबर लागला की अण्णा यायचा, मी घोषणा द्यायचो, मग दार लागायचं. लोकांना त्याची सवय झाली. मलाबी व्हायला लागली, नि तिथंच मला भ्या वाटलं.

एक दिवस अण्णा आला. "हं, चालू कर."

मी गाडीतनं खाली उतरलो. "अण्णा, स्टँडचा कायदा काय?"

"नंबर. मग?"

"जो आधी आला, त्याची गाडी आधी. मग घोषणाबी नंबरानं होऊ द्या. तुमी स्टँडवर सगळ्यात आधीचं. पयला नंबर तुमचा. मग तुमचं ड्रायव्हर. माझा आला की मी देतो."

"मी कशापायी देऊ? मी काय..."

थांबला.

"बोला की. तुमी काय?"

जो शब्द त्यानं गिळला, तो सगळ्या स्टँडला कळला. टपरीवर कुणी हसलं न्हाई.

"गाडी काढ. शेवटाला लाव."

"नंबर माझा हाय. न्हाई काढणार."

त्यानं मागली गाडी भरून सोडली. तिच्या मागलीबी. माझ्या बाजूनं एक ड्रायव्हर बोलला न्हाई. आजी मागल्या गाडीत बसली. दुपारपातूर माझी जीप रिकामी उभी, नि मी उन्हात. वाटलं व्हतं, बरं वाटंल. नाय वाटलं. नुसतं पाय दुखत व्हतं.

खड्डा हाय तिथंच हाय. परवा परत मोबाईलवाला आला, मी परत बोललो.

पंधरा ऑगस्टला पोरीच्या शाळेत मी घोषणा दिली, पोटातनं. कुणी मागितली नव्हती म्हणून देता आली. स्टँडवर देत न्हाई. ती माझी हाय, आत शिरायचं तिकीट न्हाई.

रोज सकाळी गाडी नंबराला लावतो. कधी भरती, लई वेळा न्हाई भरत. अण्णा म्हणतो, मागं घे. मी चावी काढून खिशात टाकतो नि बोनेटला टेकून उभा राहतो. हलवायची असंल, तर उचलून न्या. मला घिऊन.